तोट्टीवरचं अस्वल

शेणाला झेंडा लावतात, हे मला एवढ्या वयात पहिल्यांदा कळलं. देवळाला लावतात, किल्ल्याला लावतात, आमच्या सर्जापूर रोडवर तर खड्ड्यातसुद्धा झाडाची फांदी रोवतात, कुणाचं चाक आत जाऊ नये म्हणून. पण म्हशीनं टाकलेल्या पोवात पिवळा कागदी झेंडा, झेंड्यावर नंबर, आणि भोवती टोप्या घातलेली, मोठ्या पगाराची माणसं उकिडवी बसलेली! मी शाळा चौथीत सोडली याचं वाईट वाटणं त्या दिवसापासून बंद झालं.

हे सगळं झालं आमच्या तोट्टीपायी. तोट्टी म्हणजे कन्नडमधे जनावरांना पाणी प्यायची दगडी डोण. माझ्या सासूबाई अंबूबाई, त्यांनी ती बसवली तेव्हा इथे सगळीकडे रागीची शेतं होती. पुढे शेतांचं लेआउट झालं, घरांना नंबर आले, मोकळ्या जागेला पार्क म्हणायला लागले. तोट्टी आमच्या कंपाउंडाबाहेर होती तिथेच राहिली. सासूबाईंनी जाताना दागिने धाकट्या सुनेला दिले आणि मला तोट्टी दिली. "सकवार, ही कोरडी पडू देऊ नको," एवढंच म्हणाल्या. धाकटीनं दागिने कधीच मोडून खाल्ले. माझी तोट्टी अजून आहे. रोज सकाळी मी ती भरते. गाई येतात, म्हशी येतात, डुकरं येतात, मागच्या नीलगिरीच्या बनातून मुंगूस, ससा, कधीतरी कोल्हासुद्धा येतो. सगळे मुकाट्यानं पाणी पितात आणि जातात. लेआउटातली माणसं एवढ्या मुकाट्यानं काही करत नाहीत.

आमच्या असोसिएशनचे प्रेसिडेंट म्हणजे नरसिंहराव. जुन्या वळणाचे, बोलायला गोड, पण रिटायर झाल्यापासून त्यांना काही ना काही सुधारावंसं वाटतं. तोट्टीच्या जागी त्यांना व्यायामाची यंत्रं बसवायची होती. आणि तेवढ्यात त्यांच्या कुत्र्याला जंत झाले. कुत्र्याचं नाव सीझर. नाव बादशहाचं आणि खाणं चपलांचं.

"अक्का," नरसिंहराव दारात उभे राहून म्हणाले, "गावची जनावरं एका जागी पाण्याला येणार, तिथेच घाण करणार, घाणीत जंत. तुमची तोट्टी म्हणजे जंतांचं बसस्टँड झालंय."

"अण्णा, परवा तुमच्या सीझरनं माझी एक चप्पल खाल्ली. जंत तिच्यात होते असंही लिहून टाका."

"चेष्टेवारी नका नेऊ, अक्का. कमिटीनं ठरवलंय. उगादीच्या आत तोट्टी निघणार."

मी पदर खोचून पुढे सरसावणार, एवढ्यात आमची भूमिका मधे पडली. ही माझी नात, माझ्या मुलाची, यशोवर्धनची मुलगी. जनावरांचं शिकते. जनावरांची डॉक्टरीण होणार का, म्हटलं, तर नाही म्हणाली. नुसतं मोजणार म्हणे. ती माझ्या बाजूनं बोलेल असं वाटलं होतं. तर म्हणाली, "आज्जी, अण्णांचं चुकतंय असं नाही. पाण्यापाशी जनावरं गोळा होतात, म्हणून जंतही गोळा होत असतील. पण असतील म्हणून तोट्टी फोडायची का? आपण तपासू या."

तपासायचं कसं, तर तोट्टीभोवतीचं शेण आणि पाणी नसलेल्या लांबच्या एका जागेचं शेण, दोन्ही सारखं गोळा करायचं, भिंगाखाली बघायचं, जंतांची अंडी कुठे जास्त सापडतात ते पाहायचं. कुठलं जनावर येऊन गेलं ते कळायला झाडावर कॅमेरा बांधायचा. नरसिंहराव म्हणाले, सरी, म्हणजे ठीक आहे. पण दोष तोट्टीचा निघाला तर बुलडोझर. मीही म्हटलं, सरी. माझ्या सासूबाईंच्या तोट्टीत दोष निघणार नाही याची मला एवढी खात्री होती की शेण बघायला माझी काय हरकत असणार? शेण बघतच मोठी झाले मी.

पण एकटी भूमिका काय काय करणार, म्हणून व्हॉलंटियर आले. दर शनिवारी येणार. त्यांचा म्होरक्या गिरीराज, पुण्याहून नोकरीला आलेला, कंप्युटरवाला. इंदिरानगरला राहतो आणि तिथून ट्रॅफिकमधे घामाघूम होत शेण वेचायला आमच्याकडे येतो. त्याच्या आईला हे माहीत आहे की नाही, देव जाणे.

"आजी, बेसिकली आपण दोन साइट्सची डंग डेन्सिटी कम्पेअर करतोय," तो मला म्हणाला.

"कर बाबा. आधी दोन घास खाऊन घे."

त्यानं मलाही व्हॉलंटियर करून घेतलं. एक टोपी दिली, मी ती कोथिंबिरीच्या वाफ्यातल्या बुजगावण्याला घातली. काम एवढंच, की तोट्टी रोज भरायची आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही. "आज्जी, कशालाही म्हणजे कशालाही," भूमिका तीन-तीनदा म्हणाली. जसा काही मी सगळा जन्म नको तिथे हात लावण्यातच घालवला आहे.

शेजारची राजलक्ष्मी मात्र मला काही ना काही करायला लावल्याशिवाय राहीना. तिला सगळ्यातलं सगळं ठाऊक असतं. यशवंतपूरला तिच्या मावसभावाचं पेंडीचं दुकान आहे, तेवढ्यावर ती गुरांची डॉक्टर आहे.

"अक्का, तोट्टीत कडुलिंबाचा पाला टाका. जंत काय, जंतांचे आजोबा मरतील."

"भूमिका नको म्हणालीय गं."

"ती शेणाला नको म्हणाली. पाल्याला म्हणाली का?"

तेही खरंच. टाकला पाला. पाणी असं हिरवंगार आणि कडूजहर झालं की दिवसभर एकही जनावर तोट्टीकडे फिरकेना. एक म्हैस आली, तिनं तोंड घातलं आणि मान वर करून माझ्याकडे असं बघितलं, की माझ्या सुनेनं माझ्या हातचं सार पिऊन कधी तसं बघायची हिंमत केली नाही. गिरीराजनं त्या दिवसाचं काहीतरी लांबलचक लिहून घेतलं, म्हणाला फार सिग्निफिकंट आहे. मी गुपचूप तोट्टी घासून परत भरली. दोन दिवस कंबर धरली होती, पण विचारायला कोण बसलंय.

मग भूमिकाच्या कॉलेजातल्या मोठ्या मॅडम शनिवारी स्वतः बघायला येणार असं ठरलं. आणि शुक्रवारी संध्याकाळी मी तोट्टीपाशी जाऊन पाहिलं, तर माझा जीव अर्धा झाला. आठवडाभराचं शेण जिथल्या तिथे! वाळलेलं, ओलं, त्यावर माशा, आणि वर ते झेंडे, जणू कुणाचं लग्न आहे. उद्या परकी बाई येणार, चार ठिकाणी जाऊन सांगणार, की अंबूबाईंची सून तोट्टी ठेवते ती अशी. तुम्हीच सांगा, घरी पाहुणी येणार असेल तर बाई अंगण झाडते की नाही? की अंगण तसंच ठेवून त्यावर नंबर घालते?

शनिवारी फटफटायच्या आत उठले. बाहेर बोचरी थंडी होती, म्हणून आमच्या ह्यांची जुनी काळी कांबळी डोक्यावरून घेतली. खराटा घेतला, पाटी घेतली आणि वाकून जे सुरू केलं ते तांबडं फुटेपर्यंत. गाईचं, म्हशीचं हातानंच उचललं आणि नेऊन आमच्या कढीपत्त्याच्या मुळाशी टाकलं. लेंड्याबिंड्या खराट्यानं लोटल्या. झेंडे फेकले नाहीत, कुणाचं नुकसान कशाला. नीट पुसून तोट्टीच्या काठावर रचून ठेवले. मग सडा घातला. एकच ठेवलं तसंच, आणि ते म्हणजे सीझरचं. गाईचं शेण उचलायला मला कधी लाज वाटली नाही, पण प्रेसिडेंटच्या कुत्र्याचं का म्हणून उचलू? त्यांचं ते बघतील. त्याच्यावर झेंडा होता, तो डुलत राहिला.

कॅमेरा दिसत होता की मला. पण तो जनावरांसाठी होता ना!

मॅडम आल्या. सगळे व्हॉलंटियर आले. तोट्टीपाशी येऊन जो तो गप्प. मला वाटलं, स्वच्छता बघून भारावले. तर भूमिकाच्या तोंडावर रंग नाही. मॅडम चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "साइटला हात कुणी लावला?"

आता, मी सांगणारच होते. पण त्या सुरात मला कुणी विचारलं की मी उत्तर देत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि सत्तरी उलटल्यावर मी तो बदलणार नाही. गिरीराज म्हणाला, झाडूवाले येऊन गेले असतील. मी म्हटलं, "असतील बाई." भूमिकानं माझ्याकडे एकदा पाहिलं. सीझरचं तेवढं डबीत भरलं आणि मॅडमच्या गाडीत बसून कॉलेजात गेली. जाताना गिरीराजला म्हणाली, कॅमेऱ्यातले फोटो वर चढव, कोण आलं होतं ते कळेल.

वर चढवणं म्हणजे असं: देशोदेशीचे व्हॉलंटियर घरबसल्या एकेक फोटो बघून जनावराचं नाव सांगतात. एक फोटो तिघांनी बघायचा, दोघांचं जुळलं की ते खरं. कोण कुठला, कुणी जर्मनीतला, कुणी हुबळीतला. ह्या लोकांना दुसरा उद्योग नाही.

रविवारी सकाळी मी चहा घेत होते. यशोवर्धन धावत आला, हातात मोबाइल. "आई! आपल्या तोट्टीवर अस्वल आलं होतं! हे बघ!"

मी चष्मा लावून पाहिलं. फोटोत अंधार, राखाडी सगळं. मधोमध एक मोठं, काळं, केसाळ धूड. डोकं खाली, पाठ वर, चारी पायांवर. मी म्हणणार होते, अरे बापरे. एवढ्यात त्या पाठीवर मला एक चौकोनी ठिगळ दिसलं.

ते ठिगळ मीच लावलेलं होतं.

घोटभर चहा तसाच तोंडात राहिला. बाईनं आयुष्यात स्वतःला कधी मागून पाहिलेलं नसतं, ही देवाची मोठी कृपा आहे. दोघांनी अस्वल म्हटलं होतं. तिसऱ्यानं डुक्कर.

"केवढं आहे ना!" यशोवर्धन म्हणाला.

"एवढं काही नाहीये," मी म्हटलं.

गिरीराजनं तो फोटो आधीच लेआउटच्या ग्रुपवर टाकला होता. मग काय विचारता! पहिल्या गल्लीत एक अस्वल होतं, ते तिसऱ्या गल्लीत पोचेपर्यंत पिल्लं झाली. दूधवाला फाटकातूनच परत गेला. वॉचमननं स्वतःला केबिनमधे कोंडून घेतलं आणि आतून "करडी! करडी!" ओरडत राहिला, कन्नडमधे अस्वलाला करडी म्हणतात, त्यामुळे घरकाम करणाऱ्या बायकांनाही कळलं आणि त्याही गेल्या. राजलक्ष्मीनं शपथेवर सांगितलं की तिनं रात्री घुरघुरणं ऐकलं होतं. दुपारी जंगलखात्याचे दोघे जण जीप आणि पिंजरा घेऊन आले. पिंजऱ्यात फणस ठेवला. तोट्टीच्या तोंडाशीच पिंजरा, त्यामुळे गाई लांब उभ्या राहून हंबरायला लागल्या. भूमिकाला फोन लावला, तर ती भिंगाला डोळा लावून बसलेली, उचलेना.

संध्याकाळी क्लबहाउसात मीटिंग. एवढी माणसं मी तिथे गणपतीतसुद्धा पाहिली नाहीत. नरसिंहराव उभे राहिले. "जंतांचं मी सोडून दिलं असतं. पण आज अस्वल आलंय, उद्या बिबट्या येईल. पाणी आहे म्हणून येतात. उद्या सकाळी जेसीबी येतोय. तोट्टी काढायची. हात वर करा."

हात वर गेले. राजलक्ष्मीचासुद्धा गेला, माझ्याकडे बघून तिनं तो अर्धा केला.

मी बसून होते. एका बाजूला सासूबाईंची तोट्टी, दुसऱ्या बाजूला माझी अब्रू. ह्या लेआउटात मला सगळे वचकून असतात. पाणी वाया घालवणाऱ्याला मी रस्त्यात उभं करून झाडते. उद्यापासून मी रस्त्यानं निघाले की पोरं म्हणणार, अस्वल आलं. घोटाभर पाण्यात जीव द्यावा तर तेही पाणी तोट्टीचंच. पण त्या लांब उभ्या राहिलेल्या गाई काही डोळ्यांपुढून हलेनात.

उठले. "अण्णा, हात खाली घ्यायला सांगा. ते अस्वल नाहीये. ती मी आहे."

मग नरसिंहराव इतके हळुवार हसले की त्यापेक्षा त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"अक्का, तोट्टीसाठी तुमचा जीव तुटतो, आम्हाला कळतं. पण म्हणून स्वतःला अस्वल म्हणवून घ्यायचं?"

"अहो, मी झाडत होते!"

"आई, बस खाली, बीपी वाढेल," यशोवर्धन माझा हात धरून म्हणाला. माझाच मुलगा. राजलक्ष्मीनं तर डोळ्याला पदर लावला. "किती हा त्याग!" म्हणाली. ठिगळाचं सांगितलं, तर कुणीतरी म्हणालं, अस्वलाला तिथे टक्कल पडलं असेल. एवढी माणसं, शिकलेली, आणि एकाच्याही मनात येईना की बाई खरं बोलत असेल! अब्रू घालवायला निघाले, तर तीही कुणी घेईना.

शेवटी जंगलखात्याचा थोराड गार्ड मागून पुढे आला. "अज्जी, मलाही हे मिटवायचंच आहे," तो म्हणाला. "अस्वल एकदा कागदावर आलं की ते पकडावं तरी लागतं, नाहीतर नव्हतं असं लिहावं लागतं. कॅमेरा तिथेच आहे. सकाळी पुन्हा वाकून दाखवाल?"

दाखवलं. पहाटेच्या उजेडात, अख्ख्या लेआउटासमोर, तीच कांबळी डोक्यावर घेऊन, तोच खराटा हातात. माणसं गच्च्यांवर. जेसीबीवाला यंत्र बंद करून, टपावर चढून बसलेला. नरसिंहराव सीझरला साखळीनं धरून पुढेच उभे.

"अज्जी, स्वल्प अजून खाली," गार्ड म्हणाला.

"यापेक्षा खाली जाता येत नाही," मी म्हटलं, आणि ते कमरेपुरतं नव्हतं.

फोटो निघाला. मला पाहून सीझर असा केकाटला की साखळीसकट पळाला. गिरीराजनं त्यात आजी आहे हे तिकडे न कळवता फोटो वर चढवला, आणि आम्ही सगळे त्या जर्मनीतल्या आणि हुबळीतल्या माणसांची वाट बघत उभे. इडल्या आल्या, कॉफी आली, जेसीबीवाल्यानं दोनदा खाल्लं. मग गिरीराजचा मोबाइल वाजला. त्यानं वाचलं आणि मान खाली घातली.

"आजी... तिघांचंही अस्वल आलंय."

म्हणजे आदल्या दिवशी डुक्कर म्हणणाऱ्यालाही आज माझ्याकडे बघून खात्री पटली होती.

कुणीतरी फुसकन हसलं, आणि मग अख्खं लेआउट. मी कांबळीची घडी घालत उभी राहिले. दुसरं काय करणार? गार्डनं कागदावर लिहिलं की अस्वल आढळलं नाही, आजी आढळल्या. त्यावर माझी सही घेतली. पिंजरा जीपमधे चढवला. फणस मात्र माझ्या हातात दिला.

नरसिंहराव अजून गेले नव्हते. "अक्का, अस्वलाचं मिटलं. जंतांचं राहिलंय," म्हणाले. त्याच वेळी रिक्षा येऊन थांबली आणि भूमिका उतरली. रात्रभर जागलेली, डोळे सुजलेले, हातात कागद.

"अण्णा, तोट्टीभोवतीचं सगळं शेण कुणीतरी झाडून नेलं," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "एकच नमुना राहिला होता, सीझरचा. त्याच्यातला जंत तपासलाय. तो गाईंचा नव्हे, पाण्यातूनही येत नाही. पिसवांतून येतो. कुत्रं अंग चाटतं, पिसू पोटात जाते, पिसवेतून जंत."

"आमच्याकडे पिसवा?" नरसिंहराव म्हणाले.

"सोफ्यावर झोपतो ना तो?"

आत्ता मला हसणारी सगळी मंडळी कधी ना कधी नरसिंहरावांच्या सोफ्यावर बसून आली होती. एकेकाचा हात हळूच अंगाकडे गेला. नरसिंहरावांनी जेसीबीवाल्याला खूण केली, आणि तो इडल्या बांधून घेऊन गेला.

तर तोट्टी राहिली. निदान अभ्यास पुरा होईपर्यंत तिला कुणी हात लावत नाही, आणि आता तो अभ्यास पहिल्यापासून सुरू झालाय, त्यामुळे मीही लावायचा नाही. पुन्हा शेण, पुन्हा झेंडे. तोट्टीच्या शेणात गाईंचे जंत निघतील, लांबच्यापेक्षा जास्तच निघतील, असं भूमिका मला आत्तापासून सांगून ठेवते आहे. मग काय करायचं, विचारलं, तर म्हणाली, मग आज्जी, तू रोज झाडायचं. म्हणजे मी केलं तेच. फक्त आधी कुणीतरी मोजायला हवं होतं. असो. मला आता वाद घालायचा कंटाळा आलाय. सकाळी तोट्टी भरताना त्या झेंड्यांमधून पाऊल टाकते, हात शिवशिवतात, मागे बांधून घेते.

पोरं मला बघून कुजबुजतात. ऐकू येतं, पण बहिरी झाल्यासारखं करते. कांबळी मी ट्रंकेत टाकली. आता पाणी भरून झालं की केस विंचरलेले, कुंकू लावलेलं, इरकली नेसलेली, अशी मी त्या कॅमेऱ्यासमोर ताठ उभी राहते. एक फोटो निघेपर्यंत हलत नाही. कंबर दुखते, पण उभी राहते. जर्मनीपर्यंत जातो म्हणतात तो फोटो.

काल भूमिकानं सांगितलं, तिघांनीही 'माणूस' लिहिलंय. एकानं मात्र पुढे प्रश्नचिन्ह घातलंय.